ऑर्लीनचं काडतूस

ऑर्लीन एलॉर्डी दुकानात शिरली की मी हातातलं काम खाली ठेवायचो. ती आरडाओरडा करणारी बाई नव्हती. उलट जितकी चिडायची तितका तिचा आवाज खाली जायचा, आणि त्या वसंतात तर तो इतका खाली गेला की मला काउंटरवर वाकून ऐकावं लागायचं.

आमचं दुकान क्रेन गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गवताच्या गठ्ठ्यांची दोरी, पंपाचे पट्टे, कुत्र्यांचं खाणं, रबरी बूट असा सगळा माल, आणि मागच्या भिंतीला रायफली नि काडतुसं. तिथे मी उभा असतो. घरीही सुटका नाही, कारण एलॉर्डींचं कुंपण माझ्या कुंपणाला लागून. म्हणजे ऑर्लीनची जी काही तक्रार असेल ती दिवसा काउंटरवर आणि रविवारी कुंपणाच्या तारेवरून, दोन्हीकडे मलाच ऐकायची.

तिच्या धाकट्या भावाबरोबर मी शाळेत होतो. साठी गाठली तरी ती शाळेची बस चालवत होती. सकाळी मुलं गोळा करायची, दुपारी परत सोडायची. नवरा फर्मिन तिच्याहून दहाएक वर्षांनी मोठा, परदेशातून इथे आलेल्या बास्क जमातीच्या मेंढपाळाचा मुलगा. या खोऱ्यात नेमबाज म्हणून त्याचं नाव होतं. पण तीन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही डोळ्यांतली मधली नजर गेली. समोर माणूस उभा राहिला तर त्याला माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. त्यामुळे बोलताना तो तुमच्या खांद्याकडे बघायचा, आणि नवख्या माणसाला वाटायचं की म्हातारा तुसडा आहे. तुसडा तो होताच, पण ते डोळ्यांमुळे नव्हे.

डोळे गेल्यावर रायफल ऑर्लीनकडे आली. हौस म्हणून नव्हे, उंदरांमुळे. आम्ही त्यांना उंदीर म्हणतो, खरं तर त्या खारी असतात, झुपक्याची शेपटी नसलेल्या, जमिनीत बिळं करून राहणाऱ्या. फेब्रुवारी संपता संपता वर येतात आणि उन्हाळ्यात गवत वाळलं की पुन्हा खाली जाऊन झोपतात. मधल्या चार-पाच महिन्यांत लसूणघासाचं शेत असं खातात की वरून ताटलीएवढी टक्कलं दिसतात. विषारी दाणे ऑर्लीनने एकदाच टाकले होते. त्यात तिची कुत्री गेली. पुन्हा तिने तो डबा घरात येऊ दिला नाही.

तिचा लसूणघास होता कुरणापलीकडे, एका उतारावर. वसंतात बर्फ वितळलं की मधल्या कुरणात गुडघाभर पाणी उभं राहायचं आणि ते जूनपर्यंत हलायचं नाही. मागच्या बाजूने जावं तर तिथून झाडलेली गोळी थेट डांबरी रस्त्याकडे जाणार. अलीकडून झाडली तर उताराची माती गोळी पोटात घेते. म्हणजे ऑर्लीनला पाण्याच्या अलीकडे बसूनच, तीनशे-साडेतीनशे यार्डांवरून, मुठीएवढ्या जनावरावर नेम धरायचा होता. एकदा तिने पाण्यातून पिकअप घालून पाहिली. ती आसापर्यंत रुतली आणि माझ्या ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली.

मार्चच्या सुरुवातीला ती पहिल्यांदा आली.

"लायल, मला काडतूस हवंय."

"कुठलं?"

"कुठलं ते माहीत असतं तर फोन केला असता. तेच विचारायला आलेय."

"फर्मिनची बावीस-अडीचशेची रायफल आहे की घरात."

"आहे ना. ती झाडली की तिच्यावरच्या दुर्बिणीतून आधी उतार दिसतो, मग आभाळ दिसतं, मग पुन्हा उतार. मधे गोळी कुठे पडली ते मला कधीच दिसत नाही. आणि तो पिकअपमध्ये बसून प्रत्येक गोळीला विचारतो, 'लागली?' मला काय माहीत लागली का! दहा गोळ्या झाडल्या की नळी तव्यासारखी तापते, मग ती थंड होईस्तोवर बसा. आणि हा आहेच." तिने उजव्या खांद्यावर हात ठेवला. आदल्या हिवाळ्यात बसच्या पायरीवरून बर्फावर घसरून तिचा खांदा निखळला होता, शस्त्रक्रिया झाली होती. बावीस-अडीचशेचा धक्का तसा काही फार नसतो, पण शिवलेल्या खांद्याला तो पुरतो.

मी विचार करून तिला दोनशे चारची रायफल काढून दिली. बारीक गोळी, जबर वेग, धक्का जवळजवळ नाहीच. गोळी पडलेली स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. दुकानामागच्या नेमबाजीच्या पट्टीवर तिने पाच गोळ्या झाडल्या आणि पहिल्यांदाच जरा हसली. शनिवारी सकाळी मी कुंपणाजवळ होतो तेव्हा तिच्या गोळ्या ऐकू येत होत्या. आवाजावरूनच कळत होतं की बाईचं बरं चाललंय.

मंगळवारी ती पुन्हा काउंटरवर हजर.

"शनिवारी हवा कशी होती, आठवतं?" तिने विचारलं. आवाज खाली.

"छान शांत होती."

"शांत होती. शनिवार-रविवार बस नसते. बाकीचे पाच दिवस सकाळची शांत हवा मी कुठे असते? बसमध्ये. नऊ-साडेनऊला घरी येते, रायफल मांडते, आणि तेवढ्यात वारा उठतो. दोन वाजता परत बस. माझ्या वाट्याला येतो तो निव्वळ वारा. तुझी ही गोळी वाऱ्यात कापसासारखी उडते, लायल. उंदीर बसलेला असतो तिथेच बसलेला असतो, आणि दोन हात बाजूला धूळ उडते. काल एकजण त्या धुळीकडे वळून बघत होता."

ती दोन हात म्हणाली ते चिडून, असेल वीतभर. पण मुठीएवढ्या जनावराला वीतभर म्हणजे मैलच. आणि मला हे आधी सुचायला हवं होतं असंही नाही. तिच्या बसच्या वेळा आणि वारा यांची सांगड कुठल्याही काडतुसाच्या खोक्यावर छापलेली नसते.

घरी फर्मिनला उकळ्या फुटत होत्या. रविवारी मी तारेपाशी गेलो तर तो पिकअपच्या खिडकीत बसून पाव नि चोरिझोचं तिखट सॉसेज खात होता. माझ्या खांद्याकडे बघत म्हणाला, "काय दुकानदार, डासांच्या गोळ्या विकतोस म्हणे हल्ली?"

"धक्का कमी हवा होता तिला."

"मग खराटा घेऊन बसावं. बावीस-अडीचशेने मी पाचशे यार्डांवरून मारलेत."

"मारलेस," ऑर्लीन पलीकडून म्हणाली, "पण किती हुकले ते कधी सांगितलं नाहीस. आता तर तुला दिसतही नाही, तेव्हा कितीही मारल्या तरी सगळ्या लागल्याच."

तो खो खो हसला. त्यांचं भांडण असंच चालायचं, आणि कुणी मधे पडलं तर दोघं मिळून त्याच्यावर तुटून पडायचे. म्हणून मी माझ्या कामाला लागलो.

त्यानंतरचे तीन आठवडे वाईट गेले. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे लांबून लांबून शिकारी येतात, आणि काउंटरपाशी उभं राहून बोलायला सगळ्यांना आवडतं. ऑर्लीनने चुकून त्यांच्यासमोर प्रश्न विचारला. मग काय! एक म्हणाला सहा मिलिमीटर घ्या, दुसरा म्हणाला सतरा घ्या, तिसऱ्याने फोन काढून आलेख दाखवायला सुरुवात केली. चौथा म्हणाला, "वहिनी, जरा जवळ जाऊन का मारत नाही?"

ऑर्लीन माझ्याकडे वळली.

"कुरण पाण्याखाली आहे," मी सांगितलं.

"मग मागून जायचं."

"मागून झाडली तर गोळी रस्त्यावर जाते," ती म्हणाली. "मी त्या रस्त्यावरून पोरांनी भरलेली बस नेते."

लगेच पाचवा सुरू झाला. बाहेर पडताना ती मला म्हणाली, "यांना माझा प्रश्न सोडून जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं येतात."

त्या घोळक्यात उभा असलेला एक, कर्मिट व्हाँग नावाचा आमच्याच खोऱ्यातला गुरं पाळणारा, मनाने चांगला माणूस. त्याने आपली दोनशे त्रेचाळीसची, म्हणजे सहा मिलिमीटरचीच, रायफल आठवडाभर तिला वापरायला दिली. जड गोळी, वाऱ्याला कमी बधणारी. गोळी खरंच कमी ढळली. पण दुसऱ्या गोळीनंतर ऑर्लीनने रायफल खाली ठेवली आणि डाव्या हाताने उजवा खांदा धरून बसली. दुसऱ्या दिवशी बसचं दार उघडायचा दांडा तिला ओढता येईना. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने दोन दिवस तो ओढला. डॉक्टरने विचारलं, काय केलंत? तिने खरं ते सांगितलं, आणि डॉक्टर शिकारीच असल्यामुळे तो म्हणाला, "तुम्ही सहा मिलिमीटर का वापरून बघत नाही?" हे सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की शेवटचे शब्द मी ओठांवरून ओळखले.

इकडे फर्मिन घरात स्वस्थ बसला नव्हता. धक्का सोसवत नाही म्हणून बायको बावीस-अडीचशेला नावं ठेवते हे त्याला काही केल्या पटत नव्हतं. त्याच्या मते काडतूस बरोबरच होतं. गोळी तेवढी हलकी होती. त्याच काडतुसात जड, लांब गोळी भरलेली मिळते हे त्याला कुणीतरी सांगितलं. कुणालाही न विचारता त्याने शेजारच्या आयडाहो राज्यातल्या एका दुकानाला फोन केला आणि दोन खोकी मागवली. रायफल डुगडुगू नये म्हणून खाली वाळूच्या जड पिशव्या टाकल्या, तिच्या खांद्यावर जाड मेंढीचं कातडं बांधलं, आणि रविवारी मला बोलावणं आलं. मला वाटतं, हरलेल्या दुकानदाराचं तोंड त्याला बघायचं होतं, म्हणजे कान.

शंभर यार्डांवर कागद लावला. ऑर्लीनने चार गोळ्या झाडल्या. मग दुर्बिणीतून कागद पाहिला.

"लागली?" फर्मिनने विचारलं.

"चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. त्याच्या कोपराला धरून ती त्याला कागदापर्यंत घेऊन गेली. मीही मागोमाग गेलो. भोकं इकडे एक तिकडे एक विखुरलेली होती, आणि त्यातलं एकही गोल नव्हतं. तिने त्याचं बोट धरून एका भोकावर टेकवलं. ते भोक लांबट होतं, कुणी चाकूची चीर द्यावी तसं. फर्मिनने त्यावरून बोट फिरवलं, परत फिरवलं. मग स्वतःच चाचपडत दुसरं भोक शोधलं. तेही तसंच.

त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. नळीच्या आत पीळ असतो. गोळी त्यावरून गरगरत बाहेर पडते म्हणून सरळ जाते. जुन्या बावीस-अडीचशेच्या नळ्यांचा पीळ सैल असतो, आखूड गोळीपुरता. लांब गोळीला घट्ट पीळ लागतो, नाहीतर ती वाटेतच कोलांट्या खाऊ लागते आणि कागदात आडवी घुसते.

"नळी," फर्मिन म्हणाला.

"नळी," मी म्हणालो. "काडतूस तुम्ही म्हणता तेच बरोबर. घट्ट पिळाची, जाड, जड नळी बसवली, तोंडाला धक्का कमी करणारं टोपण लावलं, तर ऑर्लीनला हवं ते सगळं यातच होईल. रायफलही जड होईल, जागची हलणार नाही."

मला वाटलं होतं त्याला आनंद होईल. शेवटी काडतूस त्याचंच खरं ठरलं होतं. पण तो कागद मुठीत चुरगाळून म्हणाला, "या नळीने मी चाळीस वर्षं मारलंय. बायको बदलीन, नळी बदलणार नाही."

"बदल ना," ऑर्लीन म्हणाली. "नवी आणशील तिला आधी खांदा कसा आहे ते विचार. आणि नजर. आणि रोज साडेनऊला रिकामी असते का ते."

तो पिकअपमध्ये जाऊन बसला आणि काच वर केली. मी घरी परतेपर्यंत ती काच खाली आली नाही.

एप्रिल असाच गेला. ऑर्लीन वाऱ्यात दोनशे चारने झाडत राहिली. पाण्यातल्या कुंपणाच्या खांबांना तिने गठ्ठ्यांच्या दोरीचे नारिंगी तुकडे बांधले होते, वारा कळावा म्हणून. पहिल्या खांबावरची दोरी उजवीकडे उडायची, मधली गप्प लोंबायची, उताराजवळची डावीकडे. फर्मिन खिडकीतून गाल बाहेर काढून वारा सांगायचा, आणि तो असायचा पिकअपजवळचा, शेतातला नव्हे. ती त्याचं ऐकायची नाही. मग गोळी हुकायची आणि तो म्हणायचा, बघ. कधी ऐकायची, तरी हुकायची. उतारावरची टक्कलं एकमेकांना भिडली. हिरव्यापेक्षा माती जास्त दिसू लागली.

मे महिन्यात एक दिवस फर्मिन एकटाच दुकानात आला. कर्मिटने त्याला सोडलं होतं. हातात रायफलीची पेटी. काउंटरवर ठेवून म्हणाला, "पाठव."

"नक्की?"

"रात्री झोपेत खांद्यावर हात धरून कण्हते ती. दिवसा कुरकुरते ते मला चालतं." मग माझ्या कानाकडे बघत, "जुनी नळी परत मागव. फेकून दिली तर याद राख."

नळ्या बसवणारा कारागीर आयडाहोत होता आणि त्याच्याकडे रांग होती. जूनच्या सुरुवातीला होईल म्हणाला. मग नळीच आली नाही. मग नळी आली तर टोपण आलं नाही. ऑर्लीन दर शुक्रवारी दुकानात यायची, दारातूनच भुवई उंचवायची, मी मान हलवायचो, ती परत फिरायची.

पहिली कापणी झाली. दर वर्षीच्या अर्धेही गठ्ठे निघाले नाहीत. जुलै संपत आला तेव्हा रायफल आली. मी स्वतः नेऊन दिली. ऑर्लीनने पाण्याअलीकडे मांडली. पाणी तर तोवर आटलंच होतं. कागदावर पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकतील अशा बसल्या, गोल, स्वच्छ. खांदा हलला नाही, दुर्बीण हलली नाही. मग तिने रायफल उताराकडे वळवली आणि बराच वेळ बघत राहिली.

"काय दिसतंय?" फर्मिन.

"काहीच नाही," ती म्हणाली. "झोपायला गेले सगळे."

एकही डोकं वर नव्हतं. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत येणारही नव्हतं. तिने कापड टाकून रायफल झाकली आणि आत जाऊन भांडी घासली. भांड्यांचा आवाज माझ्या अंगणापर्यंत येत होता.

तो हिवाळा कोरडा गेला. डोंगरावर बर्फ धरलं नाही. फेब्रुवारीअखेर खारी वर आल्या तेव्हा कुरणात थेंबभर पाणी नव्हतं, चपला घालून पलीकडे जावं अशी जमीन टणक. ऑर्लीन दुकानात आली आणि साध्या बावीसची दोन खोकी उचलून काउंटरवर आपटली. पोरं डबे उडवायला वापरतात ती काडतुसं. आता ती कुरण ओलांडून उताराच्या पायथ्याशी पडून साठ यार्डांवरून मारू शकत होती. इतक्या जवळून वाऱ्याची फिकीर नाही, धक्का नाही, नळीचा पीळ बघायला नको.

"लायल," ती हळूच म्हणाली, "तू एक शब्द जरी बोललास ना."

मी पैसे घेतले आणि सुट्टे मोजून दिले.

खारी मरत होत्या, टक्कलं थांबली होती, पण पावसावाचून लसूणघास तसाही वाढत नव्हता. आणि आणखी एक झालं. ती पलीकडे गेल्यावर फर्मिन अलीकडे एकटा पडला. कुरणातून चालायची त्याला खात्री नव्हती. साध्या बावीसचा आवाज तिथपर्यंत नीट पोचत नाही. आठवडाभर तो खिडकीत बसून होता, विचारायला कुणी नाही, सांगायला वारा नाही. कुंपणापाशी मी दिसलो की, "काय चाललंय तिकडे?" मी सांगायचो, पडलीय उताराखाली. "ते मला माहीत आहे," म्हणायचा आणि काच वर करायचा.

मग एका शुक्रवारी, भर वाऱ्यात, मी तारेला ताण देत होतो तेव्हा ऑर्लीन कुरण ओलांडून परत येताना दिसली. साडेदहा वाजले असतील. घरात गेली, नवी नळी लावलेली रायफल घेऊन आली, पिकअपशेजारी वाळूच्या पिशव्या मांडल्या. नारिंगी दोऱ्या खांबांवर अजून होत्या. तीन खांबांवर तीन तऱ्हेने उडत होत्या. उताराच्या माथ्याजवळ, जिथे पायथ्यावरून तिची साधी बावीस पोचत नव्हती, तिथे एक खार दोन पायांवर उभी होती.

ती बराच वेळ दोऱ्यांकडे बघत राहिली. फर्मिनने काच खाली केली, पण या वेळी वारा सांगितला नाही.

गोळी सुटली. नळी जागची हलली नाही.

"लागली?" त्याने विचारलं.

"लागली."

"बघितलीस?"

"बघितली. आडवी झाली."

तो खिडकीतून पुढे वाकला. मग म्हणाला, "वाऱ्यासाठी नेम किती बाजूला धरलास?"

"चार बोटं."

"तीन पुरली असती," फर्मिन म्हणाला.

ऑर्लीनने रिकामं काडतूस बाहेर काढलं, दुसरं आत सारलं, आणि इतक्या खालच्या आवाजात काहीतरी बोलली की तारेपलीकडे मला ते ऐकू आलं नाही. त्याला मात्र ऐकू गेलं, कारण तो खो खो हसत सुटला.